एक्सपी, सेव्हन आणि इलेव्हन एकाच घरात: फाइल शेअरिंग नीट कसं लावायचं

पुष्कळ घरांत आज कॉम्प्युटरच्या दोन-तीन पिढ्या एका छताखाली नांदत असतात. एखादा विंडोज एक्सपीचा डेस्कटॉप, कारण त्यावर डोंगल लावून चालणारं जुनं डीटीपीचं सॉफ्टवेअर आहे किंवा नव्या विंडोजला न ओळखणारा स्कॅनर आहे. एखादा विंडोज ७ चा, ज्यात लग्नामुंजीचे सगळे फोटो पडून आहेत. आणि अभ्यासाला किंवा घरून काम करायला घेतलेला विंडोज १० किंवा ११ चा लॅपटॉप. तिघे एकाच राउटरवर असतात, तरी एकाची फाइल दुसऱ्याला उघडत नाही. मग पेनड्राइव्ह या खोलीतून त्या खोलीत फिरतो, नाहीतर माणूस स्वतःलाच व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत बसतो आणि फोटोचा दर्जा वाटेतच उतरतो.

इंटरनेटवर शोधलं की हमखास एक सल्ला समोर येतो: नव्या विंडोजमध्ये जाऊन ‘एसएमबी १’ (फाइल देण्याघेण्याची जुनी पद्धत) चालू करा, पासवर्डचं संरक्षण बंद करा, एव्हरीवनला फुल कंट्रोल द्या. असं केलं की बहुतेक वेळा फाइल दिसतेही. तरी हा सल्ला मानू नका. घरातला सगळ्यात सुरक्षित कॉम्प्युटर सगळ्यात जुन्याच्या पातळीवर आणून ठेवण्याचा हा प्रकार आहे, आणि त्याची गरजही नसते.

त्याऐवजी एक साधी मांडणी करता येते. प्रत्येक कॉम्प्युटरने प्रत्येकाला दिसलंच पाहिजे हा हट्ट सोडायचा. एकच कॉम्प्युटर यजमान ठरवायचा, त्यावर एकच शेअर केलेला फोल्डर ठेवायचा, आणि त्या फोल्डरसाठी पासवर्ड असलेलं एकच वेगळं खातं उघडायचं. बाकीचे सगळे त्या एका ठिकाणी येऊन फाइल ठेवतील आणि नेतील. पुढचं सगळं या मांडणीवर आधारलेलं आहे.

एक सूचना आधीच देतो. या लेखात कमांड, पत्ते, फोल्डरची नावं देवनागरीत लिहिली आहेत. कॉम्प्युटरवर टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाकायची.

कोणाला काय बोलता येतं

विंडोजचे कॉम्प्युटर आपसांत फाइल देताना-घेताना एसएमबी नावाचा प्रोटोकॉल, म्हणजे बोलण्याची ठरलेली पद्धत, वापरतात. त्याच्याही आवृत्त्या आहेत, आणि निम्मी गोची तिथेच असते. एक्सपीला फक्त एसएमबी १ येतो. व्हिस्टापासून एसएमबी २ आला, विंडोज ७ मध्ये २.१, विंडोज ८ मध्ये ३.०, आणि विंडोज १० व ११ मध्ये ३.१.१. दोन कॉम्प्युटर जोडले जाताना दोघांना येणारी सगळ्यात नवी आवृत्ती आपोआप निवडली जाते. म्हणजे ७ आणि ११ एकमेकांशी २.१ वर व्यवस्थित बोलतात, काहीही जुनं चालू न करता. अडचण आहे ती फक्त एक्सपीची.

एसएमबी १ वर एवढा राग का, तर मे २०१७ मधलं वॉनाक्राय. हा खंडणीखोर व्हायरस एसएमबी १ मधल्या दोषातून एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर स्वतःहून पसरला. कोणी लिंकवर क्लिक करायचीही गरज नव्हती. दोषावरचा इलाज मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिला होता, पण तो टाकलेलाच नसलेले असंख्य कॉम्प्युटर जगभर होते. त्या वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १० मधून एसएमबी १ हळूहळू काढायला सुरुवात झाली. आज नव्या लॅपटॉपवर तो नसतो, आणि नसलेलाच बरा.

दुसरी एक गोष्ट जुन्या मार्गदर्शकांत हटकून सापडते: होमग्रुप. विंडोज ७ बरोबर आलेली ही सोय होती चांगली, पण २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीतून ती काढून टाकली गेली. म्हणून ‘होमग्रुप जॉइन करा’ असं जिथे लिहिलेलं दिसेल ते पान तिथेच बंद करा.

यजमान कोणाला करायचं

घरात एक्सपी नसेल तर प्रश्न सोपा आहे. जो कॉम्प्युटर बहुतेक वेळ चालू असतो, केबलने राउटरला जोडलेला आहे आणि ज्याला अजून सुरक्षा अपडेट मिळतात, तो यजमान. विंडोज ७ ची अपडेट १४ जानेवारी २०२० ला थांबली आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे निवड करताना लक्षात असू द्या. विंडोज ११ होम असलं तरी चालतं. फाइल शेअर करायला प्रो आवृत्ती लागत नाही. एका वेळी २० जोडण्यांची मर्यादा असते, ती घरात कधीच भरत नाही.

लॅपटॉपला शक्यतो यजमान करू नका. झाकण मिटलं की शेअर गेला, आणि मग स्वयंपाकघरातून हाक येते की ‘ते फोटो उघडत नाहीयेत’.

घरात एक्सपी असेल आणि तो खरोखर काढता येत नसेल, तर विंडोज ७ चा कॉम्प्युटर मध्ये उभा करायचा. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे. आधी ७, १० आणि ११ ची घडी बसवू.

आधी राउटर बघा, मग विंडोज

सेटिंग्जमध्ये तासभर घालवण्याआधी दोन मिनिटं इथे द्या. प्रत्येक कॉम्प्युटरवर कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करून एंटर दाबा. ‘आयपीव्ही४ ॲड्रेस’च्या ओळीत १९२.१६८.१.२० असा काहीतरी पत्ता दिसेल. घरगुती राउटरवर पहिले तीन आकडे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखेच असायला हवेत. काही राउटर १९२.१६८.१ देतात, काही १९२.१६८.२९, काही १९२.१६८.०. कोणता आहे याने फरक पडत नाही, सगळीकडे एकच आहे ना ते बघा.

तो सारखा नसेल तर बहुधा घरात दोन राउटर आहेत: एक इंटरनेट कंपनीने लावलेला, दुसरा रेंज वाढावी म्हणून आपण आणलेला. दुसरा राउटर आपलं वेगळं नेटवर्क तयार करतो. इंटरनेट दोन्हीकडे मिळतं, त्यामुळे बिघाड लक्षातच येत नाही. पण पहिल्या राउटरवरच्या कॉम्प्युटरला दुसऱ्याच्या मागचा कॉम्प्युटर सापडत नाही. उपाय असा, की दुसऱ्या राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन तो ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकायचा.

आकडे सारखे असूनही काही जुळत नसेल तर आणखी दोन शक्यता. एखादा लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या गेस्ट वाय-फायवर असेल. गेस्ट नेटवर्कवरची यंत्रं बहुधा मुद्दाम एकमेकांपासून तोडलेली असतात. किंवा राउटरमध्ये ‘एपी आयसोलेशन’ किंवा ‘क्लायंट आयसोलेशन’ चालू असेल, तो बंद करा. आणि जुना कॉम्प्युटर वाय-फायला मुळीच जोडला जात नसेल, तर राउटरची सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ या वाय-फायच्या नव्या सुरक्षा पद्धतीवर आहे का बघा. विंडोज ७ ला डब्ल्यूपीए३ येत नाही. डब्ल्यूपीए२ आणि ३ असा मिश्र पर्याय निवडला की तो जोडला जातो.

यजमानाचा पत्ता मात्र पक्का करून टाका. राउटरच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा ‘डीएचसीपी रिझर्व्हेशन’ असतं, तिथे यजमान निवडून त्याला एक पत्ता कायमचा द्या. नावाने कॉम्प्युटर सापडणं ही विंडोजमधली लहरी गोष्ट आहे, पत्त्याने सापडणं लहरी नाही.

यजमानावरची मांडणी

इथे विंडोज ११ धरून सांगतो. १० मध्ये पायऱ्या जवळपास त्याच आहेत.

१. सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग आपल्या जोडणीच्या प्रॉपर्टीज. तिथे नेटवर्क प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ करा. नवीन वाय-फाय जोडलं की विंडोज ते ‘पब्लिक’ धरतं आणि बाहेरून येणाऱ्यांना फायरवॉलवर अडवतं. रेल्वे स्टेशनवर हे योग्यच आहे. घरात मात्र फाइल न दिसण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच असतं. विंडोज ७ मध्ये याच जागी ‘होम’ किंवा ‘वर्क’ निवडायचं असतं.

२. त्याच भागात ॲडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, मग ॲडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज. प्रायव्हेटखाली नेटवर्क डिस्कव्हरी आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग दोन्ही चालू. खाली ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ आहे, ते चालूच ठेवा. १० आणि ७ मध्ये हेच पान कंट्रोल पॅनलच्या नेटवर्क अँड शेअरिंग सेंटरमध्ये मिळतं.

३. आता वेगळं खातं. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युजर्स, ॲड अकाउंट. विंडोज ईमेल मागेल. ‘या व्यक्तीची माहिती माझ्याकडे नाही’ अशा अर्थाचा दुवा निवडा आणि पुढच्या पानावर ‘मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय युजर जोडा’ हा पर्याय घ्या. नाव ठेवा ‘घरचे’, इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता. पासवर्ड द्या, तोही इंग्रजी कीबोर्डवरून टाइप होणारा, कारण एखाद्या जुन्या कॉम्प्युटरवर मराठी कीबोर्ड बसवलेला नसतो. खातं स्टँडर्डच ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटर नको.

हे वेगळं खातं म्हणजे या सगळ्या मांडणीचा कणा आहे. लोक आपल्याच रोजच्या खात्याने जोडायला जातात आणि अडकतात. लॅपटॉपला आपण चार आकडी पिन टाकून आत जातो, पण पिन फक्त त्या यंत्रापुरता असतो, नेटवर्कवरून चालत नाही. तिथे मायक्रोसॉफ्ट अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो, जो कोणालाच आठवत नसतो. पासवर्डच नसलेलं खातं असेल तर विंडोज त्याला नेटवर्कवरून आत घेतच नाही. हा नियम एक्सपीच्या काळापासूनचा आहे. ‘घरचे’ खात्यात यापैकी एकही भानगड नाही.

ज्यांना काळ्या खिडकीत कमांड टाकून खातं बनवायची सवय आहे त्यांच्यासाठी: ‘नेट युजर’ने बनवलेल्या खात्याचा पासवर्ड विंडोजच्या मूळ नियमाप्रमाणे ४२ दिवसांनी जुना ठरतो. सगळं सुरळीत चाललेलं असताना दीड महिन्याने शेअर अचानक बंद पडला तर आधी हे तपासा.

४. फोल्डर. तो डी ड्राइव्हच्या मुळाशी बनवा, डी नसेल तर सी च्या मुळाशी. नाव ‘कपाट’. आपले डॉक्युमेंट्स किंवा डेस्कटॉप शेअर करू नका. नव्या विंडोजमध्ये हे फोल्डर बरेचदा वनड्राइव्हकडे, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणुकीकडे, वळवलेले असतात आणि त्यातल्या काही फाइल प्रत्यक्षात डिस्कवर नसतातच.

५. कपाटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, शेअरिंगचा टॅब, ॲडव्हान्स्ड शेअरिंग. ‘शेअर धिस फोल्डर’वर टिक. परमिशन्समध्ये जाऊन एव्हरीवन काढा, ‘घरचे’ जोडा आणि चेंज व रीड या दोन टिक द्या.

६. याच खिडकीतला सिक्युरिटीचा टॅब उघडा. एडिट, ॲड, ‘घरचे’, आणि मॉडिफायवर टिक.

पाचवी पायरी केली आणि सहावी विसरली तर फोल्डर दिसतो पण फाइल ठेवता येत नाही, असं होऊ शकतं. दोन परवानग्या वेगळ्या आहेत: एक नेटवर्कवरून येणाऱ्याची, दुसरी डिस्कवरच्या फाइलची. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने सोडलं म्हणून फ्लॅटचं दार उघडत नाही, तसंच हे. दोघांपैकी जी जास्त कडक असेल ती लागू होते.

फोटो फक्त बघायचे, कोणी चुकून पुसू नयेत असं वाटत असेल, तर कपाटच्या आत ‘फोटो’ असा फोल्डर करा. त्याच्या सिक्युरिटीमध्ये ॲडव्हान्स्ड उघडून वरून आलेल्या परवानग्या तोडा, मग ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ची नोंद असेल तर ती काढा आणि ‘घरचे’ला फक्त रीड ठेवा. लहान मुलं आणि घाईत असलेले मोठे, दोघांपासूनही बचाव होतो.

शेवटी सेटिंग्जच्या पॉवरमध्ये जाऊन केबलवर असताना स्लीप ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद झाली तर चालेल.

बाकीच्या कॉम्प्युटरवरून जोडणी

विंडोजची आणि आर ही बटणं एकत्र दाबा. येणाऱ्या छोट्या खिडकीत यजमानाचा पत्ता टाका: आधी दोन उलट्या तिरक्या रेघा, मग पत्ता, मग एक उलटी रेघ, मग फोल्डरचं नाव. म्हणजे \\१९२.१६८.१.२०\कपाट. नाव आणि पासवर्ड विचारला जाईल. नावाच्या जागी नुसतं ‘घरचे’ न टाकता आधी यजमान कॉम्प्युटरचं नाव, मग उलटी रेघ, मग ‘घरचे’ असं टाका. कॉम्प्युटरचं नाव ‘बैठक’ असेल तर बैठक\घरचे. नुसतं नाव टाकलं तर काही वेळा विंडोज आपल्याच यंत्रावरचं किंवा मायक्रोसॉफ्टचं खातं शोधत बसतं. ‘रिमेंबर’वर टिक करा.

उघडलं? मग ते कायमचं करून टाकू. फाइल एक्सप्लोररमध्ये धिस पीसी, मग वरच्या तीन टिंबांतून मॅप नेटवर्क ड्राइव्ह. विंडोज ७ मध्ये कॉम्प्युटर उघडलं की हा पर्याय वरच्या पट्टीतच असतो. अक्षर झेड निवडा, वरचाच पत्ता द्या, ‘रिकनेक्ट’ची टिक ठेवा. आता घरातल्या सगळ्यांना ‘झेड ड्राइव्हमध्ये टाक’ एवढंच सांगायचं. प्रत्येक कॉम्प्युटरवर अक्षर तेच ठेवा, नाहीतर फोनवरून समजावताना जीव जातो.

डाव्या बाजूच्या ‘नेटवर्क’मध्ये यजमान दिसत नाही म्हणून घाबरू नका. ती यादी पूर्वी एसएमबी १ शी जोडलेल्या जुन्या ब्राउझर सेवेतून भरायची, आता वेगळ्या पद्धतीने भरते, आणि बरेचदा अर्धवटच. पत्ता टाकून फोल्डर उघडत असेल तर काम झालंय. तरीही यादीत हवाच असेल, तर यजमानावर सर्व्हिसेस उघडून ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा ऑटोमॅटिक करा.

अडलं तर काय वाचायचं

विंडोजचे संदेश कंटाळवाणे असतात, पण नेमक्या कोणत्या टप्प्यावर गाडी अडली ते सांगतात.

‘नेटवर्क पाथ नॉट फाउंड’, किंवा ०एक्स८००७००३५ हा आकडा: यजमानापर्यंत पोचताच आलेलं नाही. पासवर्ड आणि परवानग्यांना हात लावू नका, तिथे काहीच बिघडलेलं नाही. पत्ता, प्रायव्हेट प्रोफाइल आणि फायरवॉल बघा. दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस असेल तर त्याची स्वतःची फायरवॉल असते आणि तिच्यात हे नेटवर्क ‘ट्रस्टेड’ करावं लागतं. पिंगवर, म्हणजे समोरचा कॉम्प्युटर उत्तर देतो का ते बघणाऱ्या कमांडवर, विसंबू नका. शेअर चालत असूनही पिंगला उत्तर न मिळणं शक्य आहे. विंडोज १० किंवा ११ वर पॉवरशेलमध्ये ‘टेस्ट-नेटकनेक्शन’, मग यजमानाचा पत्ता, मग ‘-पोर्ट ४४५’ टाका. ‘टीसीपी टेस्ट सक्सीडेड’पुढे ‘ट्रू’ आलं तर रस्ता मोकळा आहे. हे ४४५ पोर्ट राउटरमधून इंटरनेटच्या बाजूला कधीही उघडू नका, कोणी कितीही सोपी युक्ती म्हणून सांगितली तरी.

‘तुमच्या संस्थेच्या सुरक्षा धोरणामुळे गेस्ट प्रवेश बंद आहे’ अशा अर्थाचा संदेश. घरात कसली आली संस्था, असं वाटून माणूस चक्रावतो. अर्थ एवढाच, की समोरचा यजमान पासवर्डशिवाय कोणालाही आत घ्यायला तयार आहे आणि आपलं नवं विंडोज तसं जायला तयार नाही. विंडोज ११ प्रो मध्ये २४एच२ आवृत्तीपासून हे असंच ठेवलेलं आहे. रजिस्ट्रीत बदल करून हे उलटवता येतं, करू नका. यजमानावर ‘घरचे’ खातं करा, संदेश जातो.

नाव-पासवर्ड चुकीचा असल्याचा संदेश, आणि पासवर्ड तर बरोबर आहे: कंट्रोल पॅनलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडा, विंडोज क्रेडेन्शियल्समध्ये त्या यजमानाच्या नावाची जुनी नोंद असेल ती काढा. विंडोज तीच परत परत पाठवत असतं.

एकाच सर्व्हरवर दोन वेगळ्या नावांनी जाता येणार नाही, अशा अर्थाचा संदेश, क्रमांक १२१९: आधीच दुसऱ्या खात्याने एक जोडणी उघडी आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट यूज * /डिलीट’ टाकून सगळ्या तोडा आणि नव्याने जोडा.

‘ॲक्सेस डिनाइड’: आनंदाची गोष्ट, बहुधा फक्त सहावी पायरी राहिली आहे.

आणि एक संदेश स्पष्टच सांगतो की हा शेअर जुना एसएमबी १ मागतो आहे. एक्सपी सोडून हा दोन ठिकाणी भेटतो: काही वर्षांपूर्वीची नेटवर्क हार्ड डिस्क आणि राउटरच्या यूएसबीला लावलेला पेनड्राइव्ह. दोन्हीत फर्मवेअर (त्या यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून एसएमबी २ चा पर्याय मिळतो का बघा. मिळत नसेल तर ती डिस्क यूएसबीने थेट यजमानाला लावता येते का ते बघा, आणि तिथून शेअर करा.

एक्सपीचं काय करायचं

एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला. त्याला एसएमबी १ च येतो, मग तो फाइल देणारा असो की घेणारा. म्हणून त्याला विंडोज ११ शी थेट जोडायचं म्हणजे ११ ला खाली उतरवायचं. पण विंडोज ७ ला दोन्ही येतात: एक्सपीशी एसएमबी १, आणि ११ शी २.१. तेव्हा ७ च्या कॉम्प्युटरवर ‘येजा’ नावाचा एक छोटा फोल्डर वरच्याच पद्धतीने शेअर करा. तिथे खातं बनवायला कंट्रोल पॅनल, युजर अकाउंट्स, मॅनेज अनदर अकाउंट, क्रिएट, आणि मग पासवर्ड. एक्सपी त्यात फाइल ठेवेल, ११ तिथून उचलेल. ११ वर एकही सेटिंग बदलावं लागत नाही.

यासाठी काही अटी पाळा. ७ वर मार्च २०१७ नंतरची सुरक्षा अपडेट टाकलेली असली पाहिजेत, नाहीतर वॉनाक्रायचं तेच भोक उघडं राहतं. ‘येजा’त काहीही कायमचं ठेवू नका, फाइल आली की उचलून ‘कपाट’मध्ये हलवा. आणि ११ वरून ‘येजा’ उघडताना ‘घरचे’चा पासवर्ड वापरू नका, या खात्याला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड द्या.

सगळ्यात महत्त्वाचं, एक्सपीचं इंटरनेट तोडा, नेटवर्क ठेवा. हे जमतं. एक्सपीत कंट्रोल पॅनल, नेटवर्क कनेक्शन्स, लोकल एरिया कनेक्शनच्या प्रॉपर्टीज, मग इंटरनेट प्रोटोकॉल टीसीपी/आयपी. आपोआप पत्ता घेण्याऐवजी हाताने द्या: राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या पल्ल्याबाहेरचा, उदाहरणार्थ १९२.१६८.१.२५०, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि डीफॉल्ट गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या वाटेवरच्या राउटरचा पत्ता, रिकामा सोडा. डीएनएसही रिकामा. गेटवे नसला की घरातल्या कॉम्प्युटरपर्यंत पोचता येतं, बाहेर जाता येत नाही. त्या कॉम्प्युटरवर बँकेचं काम करणारं घरात कोणी असेल तर त्यांची समजूत आधी काढा, नाहीतर ते एखाद्या ओळखीच्या मुलाला बोलावून गेटवे पुन्हा भरून घेतील.

घरात विंडोज ७ नसेल तर फक्त एवढ्यासाठी आणू नका. महिन्यातून दोन-चार फाइल हलवायच्या तर पेनड्राइव्ह पुरतो. तो एफएटी३२ ने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही. एनटीएफएस केला तर एक्सपीपासून ११ पर्यंत सगळ्यांना वाचता-लिहिता येतो.

मॅक, लिनक्स, फोन

इथे थोडक्यात. मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून एसएमबी, मग विसर्गासारखी दोन टिंबं, दोन सरळ तिरक्या रेघा आणि यजमानाचा पत्ता टाका. तेच ‘घरचे’ खातं चालतं. यजमानाची डिस्क एनटीएफएस आहे आणि मॅकला त्यावर लिहिता येत नाही ही अडचण फक्त डिस्क थेट लावली तर येते, नेटवर्कवरून नाही. लिनक्सच्या बहुतेक डेस्कटॉपवर फाइल मॅनेजरच्या पत्त्याच्या पट्टीत हेच लिहायचं. लिनक्सच यजमान असेल तर साम्बा हे एसएमबीने शेअर देणारं सॉफ्टवेअर टाका. त्याच्या २०१९ मधल्या ४.११ आवृत्तीपासून तिथेही एसएमबी १ मुळात बंद आहे. आयफोनवर आयओएस १३ पासून फाइल्स ॲपमध्येच ‘कनेक्ट टू सर्व्हर’ आहे. अँड्रॉइडवर एसएमबी जाणणारं फाइल मॅनेजर लागतं, आणि फक्त व्हिडिओ बघायचे असतील तर व्हीएलसी पुरेसा आहे.

पहिली मोठी कॉपी

जुन्या कॉम्प्युटरमधले शंभर जीबी फोटो वाय-फायवरून ओढत बसू नका. जुन्या डेस्कटॉपचं नेटवर्क कार्ड बहुधा १०० एमबीपीएसचं असतं, म्हणजे केबलवरही सेकंदाला साधारण ११ एमबी. शंभर जीबीला अडीच तास. दोन्ही बाजूला आणि राउटरवरही गिगाबिट असेल तर तेच काम पाऊण तासाच्या आत उरकू शकतं, पुढचं डिस्कच्या वेगावर. केबलही बघा; जुन्या वायरिंगमध्ये आठपैकी चारच तारा जोडलेल्या असतील तर जोडणी १०० च्या वर जात नाही.

मोठ्या कॉपीला माउसने ओढण्यापेक्षा रोबोकॉपी बरं. व्हिस्टापासून ते विंडोजमध्येच आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रोबोकॉपी’, मग मूळ फोल्डर, मग झेड ड्राइव्हवरचं ठिकाण, मग ‘/ई /झेड /आर:२ /डब्ल्यू:५’. मध्ये लाइट गेली तर तीच कमांड परत द्यायची. झालेल्या फाइल सोडून ते पुढे जातं. काही ठिकाणी ‘/एमआयआर’ लावायला सांगतात. ते मूळ फोल्डरमध्ये नसलेलं सगळं पलीकडून पुसून टाकतं, तेव्हा दोन फोल्डरांचा क्रम चुकला तर फोटो जातात.

मराठी नावं आणि जुने फॉन्ट

देवनागरीतली फाइलची नावं नेटवर्कवरून जशीच्या तशी जातात. एक्सपीवर चौकोन दिसत असतील तर फाइल बिघडलेली नाही. रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्समध्ये लँग्वेजेसच्या टॅबवर कॉम्प्लेक्स स्क्रिप्टची टिक राहिलेली असते. ती दिली की एक्सपीची सीडी मागितली जाऊ शकते.

फाइलच्या आतला मजकूर ही वेगळी कथा. श्रीलिपी, आयएसएम किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल ११ वर उघडली की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. शेअरिंगने यात काही बिघडवलेलं नसतं. त्या फाइलमध्ये मुळात मराठी अक्षरं नसतातच, इंग्रजी सांकेतांकांवर मराठी आकार चढवलेले असतात, आणि ते आकार फॉन्टबरोबर मागे राहिलेले असतात. नुसतं वाचायचं असेल तर ज्या कॉम्प्युटरवर फॉन्ट आहे तिथूनच पीडीएफ काढा आणि ती ‘येजा’मध्ये टाका, पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो. मजकूर पुढे बदलायचा असेल तर युनिकोडमध्ये रूपांतर करावं लागेल. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी डोळ्यांखालून घाला, घसरतं ते तिथेच. मूळ फाइल, तिची पीडीएफ आणि युनिकोड प्रत अशा तिन्ही एकाच नावाने शेजारी ठेवा, आणि हे काम जुनी हार्ड डिस्क अजून फिरते आहे तोवर करून घ्या.